स्वयंसेवी संस्थेत संगणकाची नोकरी : सेवाही, करिअरही

मुलीने संगणकशास्त्राची पदवी घेतली की घरातले पुढचे चित्र बहुधा ठरलेले असते. पुणे, बंगळूर किंवा हैदराबादची सॉफ्टवेअर कंपनी, भरघोस पगार आणि जमल्यास परदेश. अशा वेळी तिने 'मला एका स्वयंसेवी संस्थेत काम करायचे आहे' असे सांगितले तर आईचा चेहरा उतरतो. 'समाजसेवा रविवारी कर, नोकरी नीट बघून घे,' असा वडिलांचा सल्ला मिळतो. नातेवाईक तर सरळच विचारतात, 'तिथे संगणकाचे काय काम?'

आई-वडिलांची काळजी अनाठायी नाही. नातेवाइकांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र आता बदलले आहे.

छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारी नावाचे गाव आहे. तेथे दिल्लीच्या 'एम्स'मध्ये शिकलेल्या काही डॉक्टरांनी उभारलेली 'जन स्वास्थ्य सहयोग' ही संस्था गरीब व आदिवासी रुग्णांसाठी रुग्णालय चालवते. लांबच्या गावांतून येणाऱ्या या रुग्णांचे जुने कागद, तपासण्या आणि औषधे एकत्र कशी ठेवायची, ही येथील मोठी अडचण होती. तिच्यातूनच २०१० च्या दशकात 'थॉटवर्क्स' कंपनीच्या अभियंत्यांनी 'बहमनी' ही संगणक प्रणाली तयार केली. नोंदणी, डॉक्टरांची टिपणे, प्रयोगशाळा आणि हिशेब यांची तीत सांगड आहे. ती सर्वांना खुली असल्याने नंतर नेपाळसह इतर देशांतील रुग्णालयांनीही स्वीकारली.

मुंबईत डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ मध्ये 'अरमान' ही संस्था स्थापन केली. तिच्या 'एम-मित्र' उपक्रमात गरोदर स्त्रिया व बाळंतिणींना त्यांच्या भाषेत, त्यांनी निवडलेल्या वेळी, आरोग्याचा सल्ला फोनवर ऐकवला जातो. कोणती स्त्री मध्येच फोन घेणे बंद करील याचा अंदाज बांधण्यासाठी या संस्थेने कृत्रिम बुद्धिमत्तेचीही मदत घेतली आहे. 'प्रथम' संस्थेची 'असर' ही पाहणी २००५ मध्ये सुरू झाली. २०२४ च्या पाहणीत ६०५ ग्रामीण जिल्ह्यांतील सुमारे साडेसहा लाख मुलांची माहिती गोळा झाली. एवढ्या नोंदी वहीत मावणार नाहीत. त्या नीट घेणारी, तपासणारी आणि जपणारी माणसे लागतात.

कामाचे स्वरूप

मोठ्या कंपनीत एकेकाच्या वाट्याला कामाचा लहानसा तुकडा येतो. संस्थेत मात्र बहुधा एक-दोघेच संगणकतज्ज्ञ असतात. मोबाइलवरचे अर्ज तयार करणे, माहितीचा साठा सांभाळणे, देणगीदारांसाठी अहवाल काढणे, कार्यकर्त्यांना शिकवणे, सगळे त्यांच्याच गळ्यात. 'ओडीके', 'कोबो', 'कॉमकेअर' यांसारखी तयार साधने वापरली जात असल्याने दर वेळी नवी प्रणाली लिहावी लागते असे नाही. खरे कौशल्य लागते ते कामाची रीत समजून घेण्यात.

एक नेहमीचे उदाहरण पाहा. गरोदर स्त्रीचे नाव सासरच्या गावात नोंदले जाते. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी जाते आणि तिथे तिची नोंद पुन्हा होते, कधी माहेरच्या नावाने, कधी वेगळ्या स्पेलिंगने. संगणकाच्या लेखी आता त्या दोन बायका झाल्या. एक सातव्या महिन्यात गायब झाली आणि दुसरी अचानक आठव्या महिन्यात उगवली. पहिलीचे रक्त कमी होते हे दुसरीच्या पानावर कुठेच नाही. बाळंतपणाच्या वेळी ही चूक जिवावर बेतू शकते. अशा दोन नोंदी जुळवण्याची सोय करायची तर संगणकाइतकीच घरातली रीतही ठाऊक असावी लागते.

गावात रेंज नसेल तरी माहिती फोनमध्ये साठावी, अर्ज कार्यकर्तीच्या भाषेत असावा, तीस प्रश्नांऐवजी दहातच काम भागावे, याही गोष्टी याच नोकरीत येतात. दिवसभर पायपीट केलेल्या कार्यकर्तीचे काम वाढवणारी प्रणाली फार काळ टिकत नाही.

गुप्ततेची जबाबदारीही मोठी आहे. मारहाणीमुळे घर सोडलेल्या स्त्रीचा पत्ता किंवा एचआयव्हीबाधित रुग्णाचे नाव असलेली यादी व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरली तर कुणाचे आयुष्य उद्ध्वस्त होऊ शकते. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ मध्ये कायदा केला आहे. त्याची जाण असलेल्या माणसाची संस्थांना गरज आहे.

पगार आणि स्थैर्य

याबाबत मनात भ्रम ठेवू नये. मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या तुलनेत संस्थेचा पगार बहुधा कमी असतो आणि अनुभव वाढेल तसा हा फरकही वाढत जातो. शिवाय अनेक जागा एखाद्या प्रकल्पाच्या निधीवर अवलंबून असतात. प्रकल्प संपला की जागाही संपू शकते.

म्हणून संस्थेचा पैसा कुठून येतो हे समजून घ्यावे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. त्यातून संस्थांना निधीचा एक मार्ग मिळाला. उलट परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये बदल होऊन त्या पैशातून करायच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. एकाच देणगीदारावर विसंबलेल्या संस्थेत नोकरीची दोरीही एकच असते.

मुलाखतीत संकोच न करता विचारावे : ही जागा किती वर्षांची? भविष्यनिर्वाह निधी, आरोग्यविमा आहे का? संगणकाच्या कामासाठी वेगळी तरतूद आहे का? संस्थेचा वार्षिक अहवाल व हिशेबतपासणीचा अहवालही मागून वाचावा. चांगल्या संस्थेला अशा प्रश्नांचा राग येत नाही.

पुढची वाट

या क्षेत्रात दोन धोके संभवतात. पहिला, प्रिंटर बिघडला, प्रोजेक्टर लागत नाही, बोलवा त्यालाच, असे होत होत तज्ज्ञाचा हरकाम्या होतो. कामाची लेखी यादी नेमणुकीच्या वेळीच ठरवून घेणे हा त्यावरचा उपाय. दुसरा धोका गोड दिसतो. सगळी माहिती आणि सगळे पासवर्ड एकाच्याच डोक्यात राहतात. 'तुझ्यावाचून पान हलत नाही' हे ऐकायला बरे वाटते. पण अशा माणसाला ना रजा मिळते, ना बढती. आणि तो सोडून गेला की वर्षानुवर्षांच्या नोंदी बंद पेटीसारख्या पडून राहतात. प्रत्येक गोष्ट लिहून ठेवावी, एका सहकाऱ्याला तयार करावे. आपल्यामागे काम चालू राहील अशी व्यवस्था करणाऱ्यालाच वरची जागा घेता येते.

माहिती-सहायकापासून सुरुवात करून माहिती व्यवस्थापक आणि पुढे तंत्रज्ञान विभागप्रमुख होता येते. केवळ तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या संस्थाही आहेत. बंगळूरचे 'ई-गव्ह फाउंडेशन' २००३ पासून शहरांच्या कारभारासाठी प्रणाली तयार करत आहे. हा अनुभव पुढे कंपनीतही वाया जात नाही, कारण माणसांशी बोलून गरज ओळखण्याचे कसब सगळीकडेच लागते. मात्र त्यासाठी आपले तांत्रिक ज्ञान ताजे ठेवण्याची जबाबदारी स्वतःलाच घ्यावी लागते.

अभियांत्रिकीची पदवीच हवी असे नाही. बीसीए, बीएस्सी किंवा संख्याशास्त्र शिकलेल्यांनाही संधी असते. एक्सेलवर पक्का हात, एसक्यूएल, थोडे पायथॉन, कामाच्या प्रदेशाची भाषा आणि स्वच्छ शब्दांत अहवाल लिहिण्याची सवय एवढी शिदोरी सुरुवातीला पुरते.

निर्णय घरातच, आकडे मांडून घ्यावा. शैक्षणिक कर्जाचा हप्ता, घरभाडे, आई-वडिलांचे औषधपाणी यांची बेरीज पगारात बसते का? नसेल तर आधी काही वर्षे कंपनीत काढून कर्ज फेडावे. संस्थेकडे नंतरही वळता येते. बेरीज बसत असेल तर दोन वर्षांची मुदत ठरवावी आणि ती संपल्यावर पुन्हा एकत्र बसून विचार करावा.

होकार देण्यापूर्वी मात्र मुलीने एक दिवस संस्थेच्या कार्यकर्तीबरोबर वस्तीत किंवा गावात फिरून यावे. संस्था परवानगी देत असेल तर आई-वडिलांनीही सोबत जावे. उंबऱ्यात उभ्या राहून नाव, महिना आणि वजन फोनवर टिपणाऱ्या त्या बाईला पाहिले, की तिथे संगणकाचे काय काम, हे नातेवाइकांना तेच सांगू शकतील.