धाप लागते? आधी सलाईन नको, तपासणी करा

शेतकरी बंधूंनो, बांधाचा चढ चढताना पूर्वी न लागणारी धाप लागू लागली, की आपण 'वय झालं' म्हणून मोकळे होतो. बैल धापू लागला तर मात्र त्याच दिवशी जनावराच्या डॉक्टरला बोलावतो! माणसाला 'अशक्तपणा आहे' म्हणून सलाईन लावलं जातं. धाप हृदयाच्या कमजोरीची असेल, तर हे जादा पाणी म्हणजे पाणथळ रानात पुन्हा पाट सोडणं.

धाप दम्याची असते, रक्त कमी असल्याचीही असते. पण उताणं झोपलं की श्वास कोंडत असेल, रात्री उठून बसावं लागत असेल, पायावर बोट दाबल्यावर खळगा राहत असेल, तर हे डॉक्टरांना आपणहून सांगा. नुसत्या ईसीजीवर भागत नाही. छातीचा एक्स-रे, हिमोग्लोबिन, जमल्यास बीएनपी ही रक्ततपासणी, आणि मुख्य म्हणजे इको. इकोत पंपिंग 60 टक्के आलं तरी हृदय ताठर झाल्यानं धाप लागू शकते. साठीपुढच्या रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या रुग्णांत हे बरंच दिसतं. तेव्हा 'रिपोर्ट नॉर्मल' ऐकून परतू नका, धाप का लागते ते विचारा.

सरपंचांनी हा विषय ग्रामसभेत घ्यावा, आशाताईंना बोलतं करावं. बसल्या जागी धाप लागली, तर वाट न पाहता 108 ला फोन लावा.