मनगट अंगठ्याकडे फिरवायचं

टेंभी नाक्याजवळच्या एका जुन्या चाळीतली खोली आम्ही रविवारी दुपारपुरती मागून घेतली आहे. तीन ते पाच या वेळात पंधरा-वीस बायका तिथे 'मारामारी शिकायला' येतात. शब्द त्यांचाच, आम्ही कार्यकर्त्या आपल्या 'स्वसंरक्षण' म्हणत राहतो. जांभळी नाक्याच्या मंडईत भाजी विकणाऱ्या आहेत, घरकाम करणाऱ्या आहेत, कॉलेजच्या दोन-तीन मुली आहेत आणि एक निवृत्त शिक्षिका आहेत. बाईंचे गुडघे दुखतात, म्हणून त्या खुर्चीत बसून शिकतात.

हा वर्ग सुरू करायला माझा विरोध होता, हे आधीच कबूल करते. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीची घटना घडली आणि गल्लोगल्ली कराटेचे वर्ग निघाले. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाला, तेव्हाही 'मुलींना कराटे शिकवा' हेच ऐकू आलं. बालवाडीतल्या मुलीने कोणता ठोसा मारायचा होता? गुन्हा करणाऱ्याने करायचा, पहारा ठेवणाऱ्याने झोपायचं, आणि गृहपाठ मात्र बाईला! शिवाय हे वर्ग म्हणजे कौलं फोडायची प्रात्यक्षिकं. टाळ्या पडतात, फोटो निघतात, पाहुणे चहा पिऊन जातात.

दुसरं कारण जुनं आहे. मथुरा प्रकरण आपल्या चळवळीतल्या कुणाला सांगायला नको. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या पोलिसांना सोडलं. तिच्या अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, हा त्यातला एक मोठा आधार होता. १९७९ मध्ये चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, १९८० मध्ये देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. अंगाने प्रतिकार केला नाही म्हणजे संमती दिली असं नव्हे, हे वाक्य कायद्यात स्पष्ट यायला तर २०१३ उजाडलं. 'तू का नाही लढलीस?' हा प्रश्न पुसायला आपल्याला इतकी वर्षं लागली. त्याच बायकांना आता आपणच लढायला शिकवायचं, तर तो प्रश्न मागच्या दाराने परत येणार नाही का?

ही भीती अजूनही गेलेली नाही. पण वर्गात जे पाहिलं त्याने माझं मत बरंच हललं.

आमच्या प्रशिक्षक ताई काहीही फोडत नाहीत. त्या चार-पाच गोष्टी शिकवतात आणि त्याच पुन्हापुन्हा घोटून घेतात. पहिली मनगटाची. कुणी मनगट धरलं की आपण हात मागे ओढतो, आणि ताकदीच्या त्या खेळात हरतो. पकडणाऱ्याच्या मुठीत एका बाजूला चार बोटं असतात, दुसऱ्या बाजूला एकटा अंगठा. जिथे अंगठा आणि बोटांची टोकं भेटतात ती फट सगळ्यांत कच्ची. आपल्या मनगटाची अरुंद कड त्या फटीकडे फिरवायची, कोपर त्याच्या कोपराकडे न्यायचं आणि झटका द्यायचा. पहिल्या दिवशी एका मावशींनी माझा हात असा सोडवला की मला हसावं की घाबरावं कळेना. त्यांची उंची माझ्या खांद्याइतकी.

मूठ वळून मारू नका, असंही ताई बजावतात, कारण नवशिक्या हाताची बोटांमागची हाडंच मोडतात. तळहाताच्या मुळाशी जो जाड भाग आहे त्याने नाकावर किंवा हनुवटीवर मारायचं. मागून धरलं तर कोपर मागे आणि टाच त्याच्या पावलावर. मारून उभं राहायचं नाही, पळायचं. पळणं हा डावच आहे, त्यात कमीपणा नाही.

मला वाटलं होतं, हे डाव खोलीतच शोभतील. मग मंडईतल्या एका बाईंना पहाटे माल आणायला जाताना एका दारुड्याने धरलं. त्या पुढच्या रविवारी सांगत होत्या, "हात सुटला, पण त्याच्याआधी मी ओरडले बघा. तो माझ्या ओरडण्यालाच दचकला."

ओरडणं. सगळ्यांत जास्त कामाला येणारा डाव हा, आणि शिकायला सगळ्यांत अवघडही हाच. दिवसभर 'दहाला जुडी' म्हणून रस्ता दणाणून सोडणाऱ्या बाईचा स्वतःसाठी ओरडायची वेळ आली की गळा बसतो. पहिल्या दिवशी खोलीभर नुसतं हसू आणि पदर तोंडाला. त्यातून आवाज फुटलाच तर कसा, 'सोडा ना हो!' ताई म्हणतात, तो तुमचा हात धरतोय आणि तुम्ही त्याला अहोजाहो करताय. म्हणा, "सोड! लांब हो!" अनोळखी माणसाला हे चार रविवारांत जमतं. पण ताईंनी विचारलं की समोर साहेब असेल तर, दीर असेल तर, तेव्हा खोली गप्प झाली. त्या 'अहो'चा 'अरे' करायला जीभ वळत नाही. आणि पोलिसांत नोंदल्या जाणाऱ्या बलात्कारांत शंभरातले सुमारे पंचाण्णव आरोपी बाईच्या ओळखीचेच असतात, हे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे वर्षानुवर्षं सांगताहेत.

कॅनडात तीन विद्यापीठांत ८९३ विद्यार्थिनींवर झालेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलींना बारा तासांचं प्रशिक्षण दिलं, बाकीच्यांना नुसती माहितीपत्रकं. वर्षभरात माहितीपत्रकं मिळालेल्यांपैकी ९.८ टक्के मुलींवर बलात्कार झाला, शिकलेल्यांत हे प्रमाण ५.२ टक्के राहिलं. मला महत्त्वाचं वाटतं ते असं की त्या बारा तासांत हाणामारी थोडीच होती. ओळखीचा माणूस जबरदस्तीकडे सरकतोय हे ओळखणं आणि त्याला दुखवण्याचा संकोच मोडणं, यावरच बराच भर होता. म्हणजे आमच्या 'अहो'वरच!

हे काही आजचं नाही. लंडनमध्ये मताधिकारासाठी लढणाऱ्या बायकांना एडिथ गॅरूड या बाई जुजुत्सू शिकवत. त्यांची स्वतःची उंची पाच फुटांच्या आत. १९१३ च्या सुमारास त्यांनी नेत्यांच्या संरक्षणासाठी बायकांचं एक पथकच तयार केलं. समोरच्याची ताकद त्याच्याच विरुद्ध वळवायची, हे तत्त्व बुटक्या माणसाला फार सोयीचं. आणि दूर कशाला जा, ठाण्यातल्या दहीहंडीत मुलींची पथकं थर लावतात. खांद्यावर उभी राहणारी मुलगी आपलं वजन कुठे टाकायचं हे कुणाकडून शिकली? तिच्या अंगाला ते कळतं. आपणच बायकांच्या अंगाला 'नाजूक' म्हणत आलो.

बायकांची आणखी एक भीती: "मी मारलं तर केस माझ्यावरच." तसं नाही. स्वतःच्या बचावाचा हक्क जुन्या दंड संहितेत होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. गरजेपुरतंच बळ वापरावं, एवढी अट आहे.

आता दुसरी बाजूही लिहिते. आमच्या गटातल्या एकीने नवऱ्याच्या हातातून मनगट सोडवलं. डाव अगदी बरोबर लागला. त्याने तिला रात्री साडेअकराला घराबाहेर काढलं आणि कडी लावली. ती पहाटेपर्यंत जिन्यात बसून होती. रविवारी आली आणि म्हणाली, "ताई, हात सुटला. आता पुढचं शिकवा."

आमच्याकडे पुढचं नव्हतं. रस्त्यावरचा माणूस पळून जातो किंवा आपण पळतो. घरात दोघांनाही त्याच दाराने परत यायचं असतं. हे न सांगता मनगटाचा डाव शिकवणं म्हणजे बाईला अर्ध्या जिन्यात सोडणं झालं. शिवाय कित्येकींचं अंग त्या क्षणी गोठतं. तो शरीराचाच धर्म आहे. म्हणून आमच्या खोलीत एक नियम केला: 'मग तू डाव का नाही लावलास?' हा प्रश्न कुणी कुणाला विचारायचा नाही. कार्यकर्त्यांनी तर नाहीच.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या गटात असे वर्ग घ्या असंच मी म्हणेन, पण कौलं फोडणाऱ्यांना बोलावू नका. बाई प्रशिक्षक शोधा, ओरडण्याला पूर्ण एक रविवार द्या, आणि शेवटचा अर्धा तास घरासाठी राखा. आम्ही आता त्या वेळात २००५ च्या कायद्याने बाईला राहत्या घरात राहायचा हक्क आहे हे सांगतो, संरक्षण अधिकारी कुठे भेटतात ते सांगतो, ११२ आणि १८१ हे नंबर पाठ करून घेतो. रेशनकार्ड, आधार, मुलांचे दाखले यांच्या झेरॉक्स एका पिशवीत घालून शेजारणीकडे ठेवायला लावतो. रात्री कुणाच्या दारावर थाप मारायची, ती दोन नावं प्रत्येकीने मोठ्याने सांगायची.

जिन्यात बसलेल्या त्या बाईंनी मागच्या रविवारी पहिलं नाव सांगितलं ते खुर्चीतल्या शिक्षिकाबाईंचं. बाई म्हणाल्या, "ये, पण जोरात वाजव. मला कमी ऐकू येतं."