टप काढलेल्या गाडीचा भाव

आमच्या नारायण पेठेतल्या वाड्याच्या बोळात एक स्टँडर्ड हेरल्ड वर्षानुवर्षे उभी असे. शेजारच्या काकूंचे यजमान वारले, वाडा पाडावयाचे ठरले आणि गाडी हलविणे भाग पडले. जुन्या गाड्यांचा एक व्यापारी आला. बॉनेट उघडून त्याने मान हलविली. "काकू, हे भंगार आहे. वजनावर नेतो," म्हणाला. हेरल्डचे वजन सुमारे 800 किलो. त्याला लोखंडाच्या भावाने गुणावयाचे. काकूंनी कागद माझ्यापुढे धरला. "मास्तर, तेवढा हिशेब बघा हो." मी गुणाकार तपासला. बरोबर होता. काकूंनी सही केली.

वर्षभराने जुन्या गाड्यांच्या एका मेळाव्यात तीच गाडी भेटली. नंबर तोच. रंग मात्र लालभडक, वरचा पत्र्याचा टप नाहीसा आणि त्या जागी काळा कापडी हूड. "अस्सल कन्व्हर्टिबल, जुन्या जमान्यातल्या एका नटीची," असे व्यापारी गिऱ्हाइकाला सांगत होता. नटी कोण, हे त्याने सांगितले नाही. मागणी होती काकूंना दिलेल्या रकमेच्या साठपट. मी जाब विचारला तेव्हा तो हसून म्हणाला, "मास्तर, शौकाला मोल नसतं. घेणारा देईल तो भाव."

हे वाक्य आपल्याकडे शहाणपण म्हणून खपते. मला ते लबाडीचे वाटते. घेणारा देईल तो भाव खरा, पण वस्तू काय आहे हे दोघांनाही ठाऊक असेल तेव्हाच. काकूंना ते ठाऊक नव्हते आणि लाल गाडीवरून हात फिरविणाऱ्या त्या तरुणालाही नव्हते. दोन्ही वेळा जाणता होता तो एकच, मधला.

आता वस्तू काय आहे ते पाहू. हेरल्ड इंग्लंडमध्ये 1959 साली बाजारात आली. तिची आकृती मिकेलोत्ती या इटालियन माणसाची. 1961 पासून मद्रासच्या कारखान्यात ती 'स्टँडर्ड' नावाने होऊ लागली. तिची खुबी अशी की खाली सांगाडा वेगळा आणि वरचे शरीर तुकड्यातुकड्यांनी बोल्टांवर बसविलेले. टपदेखील बोल्टांवरच. म्हणजे पाने हाती असले की टप उतरविता येतो! इंग्लंडच्या कारखान्याने मुळातच उघड्या हेरल्डही काढल्या होत्या. त्यांच्या नंबराच्या शेवटी 'सीव्ही' ही अक्षरे असत. काकूंची गाडी त्यांपैकी नव्हे. ती बंद टपाचीच होती आणि आर.सी. बुकात तसेच लिहिलेले होते. तो टप नुसते छत्र नव्हता, शरीराला ताठपणा देणारा आधारही होता. तो काढला की दारांच्या फटी बिघडू लागतात.

यावर कोणी म्हणेल, त्याने खर्च केला नाही का? केला. नाना पेठेत सुटे भाग धुंडाळले, पत्रा ठोकून घेतला, कुशने शिवून घेतली. मिस्त्रीची मजुरी घामाची आहे. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण खर्च झाला म्हणून किंमत वाढलीच, हे कोठले गणित? चुकीचे उत्तर सुवाच्य अक्षरात चार पुरवण्या भरून लिहिले तरी त्याला गुण मिळत नाहीत. (आमच्या शाळेत क्वचित मिळतात, तो भाग निराळा.)

हिशेब उलटा धरावयाचा असतो. त्याच जातीची, मूळ रूपातली, चालती गाडी आज कितीला जाते ते आधी पाहावे. मग खाली वाकून सांगाड्याचा गंज पाहावा, इंजिनाचा व चासीचा नंबर बुकाशी ताडावा, दुरुस्तीला काय लागेल ते मांडावे आणि वजा करावे. उरेल तो वाजवी भाव. काकूंच्या गाडीला तो भंगाराहून कितीतरी अधिक आला असता, कारण ती जशीच्या तशी होती. 2021 च्या जुलैत केंद्र सरकारने नियम केला की, पहिल्या नोंदणीला 50 वर्षे होऊन गेलेली आणि चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदविता येते; तिला 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो. टप उतरवून व्यापाऱ्याने त्या मानावरच पाणी सोडले आणि त्याचेच साठपट मागितले!

2015 साली पॅरिसच्या लिलावात 1961 ची एक उघडी फेरारी 1 कोटी 60 लाख युरोंच्या वर गेली. ती एका शेडमध्ये जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांखाली, धुळीने माखलेली सापडली होती. धूळ पुसण्याचीही कोणी घाई केली नाही. ती कारखान्यातूनच उघडी निघाली होती आणि तिला कोणी हात लावला नव्हता, पैसे त्याचे पडले.

त्या तरुणाला बाजूला घेऊन मी एवढेच म्हटले, "आर.सी. बुक मागा आणि बॉडीचा प्रकार कोणता लिहिला आहे तो वाचा." त्याने मागितले. व्यापारी म्हणाला, बुक घरी राहिले आहे.

काकूंना हे मी अजून सांगितलेले नाही. गुणाकार माझ्या सहीचा आहे.