जादा वेळ पुरेसा नाही

कर्णबधिर विद्यार्थ्याला परीक्षेत जादा वेळ दिला की महाविद्यालयाची जबाबदारी संपते, हे एका पत्रलेखकाचे म्हणणे कायद्याला धरून नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ समान संधीबरोबर आवश्यक सोयीही मागतो. अनुदानित उच्च शिक्षण संस्थांतील किमान ५ टक्के राखीव जागाही त्यातच आहेत (त्या सर्व दिव्यांग प्रवर्गांना मिळून).

खरी अडचण वर्षभराच्या तासांत असते. प्राध्यापक फळ्याकडे वळून बोलू लागले की ओठ दिसत नाहीत. ओठांवर नजर ठेवली तर वहीत काही उतरत नाही. श्रवणयंत्र आवाज वाढवते, पण भरलेल्या वर्गाच्या गोंगाटातून शब्द वेगळा काढून देईलच असे नाही. त्यामुळे आधी हाती पडणारी टिपणे, नोंदी घेणारा सहाध्यायी, चित्रफितींना मराठी उपशीर्षके आणि सांकेतिक भाषेचा दुभाषी लागतो. पहिल्या दोन सोयींना पैसा जवळजवळ लागत नाही. लागते ती इच्छा.

दुभाष्याचे मात्र तसे नाही. लांब व्याख्यानाला दोघे आळीपाळीने लागतात. जुन्नर आणि मंचर या छोट्या गावांतील महाविद्यालयांनी प्रत्येकी दुभाषी नेमावेत, ही अपेक्षा अवाजवी ठरेल. ही महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. विद्यापीठाने दुभाष्यांचा सामायिक गट ठेवून व्हिडिओद्वारे तासाला जोडून द्यावा. दुभाषी घडवण्याचे काम दिल्लीचे भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र करते; ते २०१५ मध्ये स्थापन झाले.