नवा पीसी, जुनी लाईन: शिरूर-दौंडच्या वस्त्यांवर कॉम्प्युटर संध्याकाळीच का बंद पडतो?

मागच्या महिन्यात मामेभावासाठी पीसी जोडला. शिरूरला माझ्या घरी सतरंजी टाकून, सगळे पार्ट मांडून, रात्री अकरापर्यंत बसलो. पहिल्यांदा बटण दाबलं तर काहीच नाही, पंखासुद्धा हलला नाही. दोघांचेही चेहरे पडले. दहा मिनिटांनी कळलं की कॅबिनेटच्या पॉवर बटणाची बारीक वायर मदरबोर्डवर एक पिन सोडून लावली होती. ती नीट बसवली आणि मशीन सुरू. तीन दिवस चालवलं, एकदाही अडकलं नाही.

मग गाडीवर, कॅबिनेट मांडीवर धरून न्हावऱ्यावरून चौफुल्याच्या रस्त्याने भीमा ओलांडली आणि त्याच्या वस्तीवर पोचवलं. दौंड तालुका, चारी बाजूंनी ऊस. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी फोन: "दादा, व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की आपोआप रिस्टार्ट होतोय."

सकाळी व्यवस्थित, संध्याकाळी सातनंतर गडबड. पार्ट खराब असेल तर तो घड्याळ बघून बिघडत नाही, हे खरं तर तेव्हाच माझ्या डोक्यात यायला हवं होतं. पण आपण काय करतो? विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' दिसलं की यूट्यूब उघडतो आणि रॅम काढून घालत बसतो. मीही त्याला फोनवर तेच करायला लावलं. ४१ चा अर्थ एवढाच, की मशीन नीट शटडाऊन न होता बंद पडलं. का पडलं, हे त्यात लिहिलेलं नसतं.

रविवारी मल्टिमीटर घेऊन गेलो. दुपारी सॉकेटवर २२६ व्होल्ट. संध्याकाळी साडेसातला १७८. शेजारची मोटर सुरू झाली तेव्हा १७१. नियमाप्रमाणे घरगुती पुरवठा २३० व्होल्टच्या ६ टक्के वर-खाली असायला हवा, म्हणजे साधारण २१६ ते २४४.

आता कॅबिनेटच्या आत काय होतं ते बघा. एसएमपीएस हा घरातल्या विजेपासून १२, ५ आणि ३.३ व्होल्ट बनवतो. आत एक मोठा कपॅसिटर असतो, तो क्षणभराची वीज साठवतो. आपल्याकडे ५० हर्ट्झ म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. चांगला एसएमपीएस लाईन गेल्यावर जेमतेम तेवढाच वेळ तग धरतो. मुळात व्होल्टेज कमी असेल तर साठाही कमी. ब्राऊझर उघडा असताना मशीन थोडीच वीज खातं, म्हणून निभावतं. एक्स्पोर्ट लावला की प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघं एकदम ओढतात, साठा संपतो, एसएमपीएस मदरबोर्डला दिलेला 'वीज ठीक आहे' हा सिग्नल काढून घेतो आणि मशीन रिस्टार्ट.

भावाच्या मशीनमध्ये कॅबिनेटसोबत आलेला एसएमपीएस होता. पैसे वाचवायला तो मीच ठेवला होता, चूक माझी. त्याच्या स्टिकरवर इनपुट लिहिलं होतं २००-२४० व्होल्ट. बाजारात १००-२४० व्होल्टवर चालणारे एसएमपीएस मिळतात. आपण सगळे वॅट बघतो, ही ओळ कुणीच वाचत नाही. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये तिने फरक पडत नाही, वस्तीवर पडतो.

एसएमपीएस बदलला, रिस्टार्ट थांबले. पण मामी म्हणाली, "त्या डब्याला हात लावला की मुंग्या येतात रे." टेस्टर लावला तर कॅबिनेटचा पत्रा पेटला. एसएमपीएसमध्ये फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीकडे जाणारे छोटे फिल्टर कपॅसिटर असतात. अर्थिंग असेल तर तो बारीकसा करंट जमिनीत जातो. नसेल तर पत्र्यावर लाईनच्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज उभं राहतं. बोर्ड उघडून बघितला. तिसऱ्या पिनला वायरच नव्हती, तीन भोकं फक्त दिसायला. अशी किती घरं असतील, विचार करा.

यात भरपाई न होण्यासारखा धोका वेगळाच आहे. डीपीवरून येणारा न्यूट्रल तुटला, तर तीन फेजवरच्या घरांत व्होल्टेज कसंही वाटलं जातं. एका घरात बल्ब मिणमिणतो आणि दुसऱ्या घरात व्होल्टेज ४०० कडे चढतं. वस्तीवर टीव्ही, फ्रीज, चार्जर एकाच रात्री गेल्याच्या गोष्टी ऐकल्यात ना? बऱ्याचदा कारण हेच. बल्ब अचानक जास्त पांढरा दिसायला लागला तर आधी मेन स्विच पाडा, फोटो नंतर.

आणि हे आत्ताच का लिहितोय? कारण आता पार्ट जळणं परवडत नाही. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव भडकले, कारण मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआय डेटा सेंटरकडे वळलाय. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने 'क्रूशल' हा ग्राहकांसाठीचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्याच्या दोन महिने आधी, १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा सपोर्ट संपला, म्हणजे जुनं मशीन बदलायची घाईही त्याच वेळी आली. भावाचे पैसे उसाच्या बिलाचे. पुढचं बिल पुढच्या गाळपाला.

दुसरं कारण लाईनचंच. आपल्याकडे शेतीच्या फीडरवर थ्री फेज वीज ठरावीक तास, आलटून पालटून दिवसा-रात्री येते. वस्तीवरची घरं बऱ्याच ठिकाणी त्याच फीडरवर असतात. मोटर चालू तेव्हा घरातलं व्होल्टेज खाली. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये शेतीचे फीडर सौर करून दिवसा वीज द्यायची आहे, उद्दिष्ट १६,००० मेगावॅटचं. शिरूर तालुक्यात याला वेगळंच वजन आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, लोक रस्त्यावर उतरले. रात्री पाणी धरायला जायचं कसं, हा इथे जिवाचा प्रश्न आहे.

मोटरी दिवसा चालायला लागल्या तर संध्याकाळचं व्होल्टेज सुधारेल, असं मला वाटतं. पण मग दुपारी पडेल. डीपी तोच, तार तीच आणि घर त्याच्या शेवटच्या टोकाला. म्हणजे कॉलेजच्या पोराचा दुपारचा ऑनलाइन पेपर अडकेल. सौर फीडर आला म्हणून कमी क्षमतेचा डीपी मोठा होत नाही, हे कुणी फारसं बोलत नाही.

यूपीएस घेणार असाल तर ६०० व्हीए हा आकडा फसवा आहे. तो साधारण ३६० वॅटचा असतो. शिवाय स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की साइन वेव्हऐवजी पायऱ्या-पायऱ्यांची लाट देतो, आणि ॲक्टिव्ह पीएफसी असलेले काही नवे एसएमपीएस तिच्यावर बंद पडतात. तेव्हा लोक म्हणतात यूपीएस खराब. दुकानात स्वतःचं मशीन लावून, प्लग काढून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि एसएमपीएस स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या पुढे चार्ज राहू शकतो.

भावाने आता मोरीच्या पाण्याजवळ, जिथे जमीन ओली राहते तिथे अर्थिंग करून घेतलंय. मुंग्या थांबल्या. मीटरवरचे आकडे वेळेसकट आठवडाभर मोबाईलवर शूट करून १९१२ वर तक्रार टाकलीय, कारण "लाईट डिम आहे" यापेक्षा "सात वाजून चाळीस मिनिटांनी १७१" हे टोलवायला अवघड जातं. डीपीचा लोड बघायला माणूस येणार असल्याचा मेसेज आलाय. तोपर्यंत एक्स्पोर्ट सकाळी सहाला लावतो.