काम सरलें तरी कुत्रें कां राखावें?

एखाद्या विशिष्ट कामासाठीं मनुष्य पिढ्यान् पिढ्या निवड करून जनावराची जात तयार करतो. पुढें काळ बदलतो, काम नाहींसें होतें, परंतु जात मात्र कायम राहते. याचें कारण काय, व अशी जात राखणें शहाणपणाचें आहे किंवा नाहीं, हा प्रश्न वरवर पाहतां हौशी लोकांचा वाटेल. परंतु आमच्या कुडाळ तालुक्यांतील वाड्यांवाड्यांतून नांवाजलेल्या जातींचीं पिल्लें विकत आणण्याची चाल आतां पडत चालली आहे. मुंबईचे चाकरमानी गणपतीच्या सुटींत आणलेलें कुत्रें आईबापांच्या स्वाधीन करून परत जातात, आणि त्याचें पुढें काय करावें हें घरच्या वृद्ध माणसांस उमगत नाहीं. सारांश, हा प्रश्न आपल्या अंगणांत येऊन बसला आहे. तेव्हां त्याचा विचार शेतकऱ्याच्या दृष्टीनें झाला पाहिजे.

प्रथम विलायतेंतील टेरियर कुत्र्यांकडे पाहूं. लॅटिन भाषेंत ‘टेरा’ म्हणजे भूमि. जो कुत्रा भूमींत, म्हणजे बिळांत शिरतो, तो टेरियर. कोल्ह्यास बिळांतून हुसकून काढणें व गोठ्याकोठारांतील उंदीर मारणें हें त्याचें काम. त्यासाठीं त्याची छाती अरुंद, अंग लहान, जबडा बळकट आणि स्वभाव निर्भय असा घडविला गेला. अंधाऱ्या बिळांत धन्याची आज्ञा ऐकूं येत नाहीं, म्हणून स्वतःच्या अकलेनें वागण्याची खोडहि त्याच्या अंगीं मुरली. जॉन रसेल नांवाच्या एका पाद्र्यानें १८१९ सालीं ऑक्सफर्डजवळ एका दूधवाल्याकडून ‘ट्रंप’ नांवाची कुत्री विकत घेतली व तिच्या वंशांतून कोल्ह्याच्या शिकारीचे कुत्रे पैदा केले. ‘जॅक रसेल’ ही जात आज त्याच्याच नांवानें ओळखली जाते. लंडन शहरांत १८२३ सालीं ‘बिली’ नांवाच्या टेरियर वंशाच्या कुत्र्यानें साडेपांच मिनिटांत शंभर उंदीर मारल्याची नोंद आहे. यॉर्कशायर परगण्यांतील विणकरांनीं व गिरणीकामगारांनीं वाढविलेला चिमुकला यॉर्कशायर टेरियर हाहि मूळचा उंदीर मारणाराच.

पुढें उंदरांसाठीं विषें निघालीं. कुत्र्यांचा कळप मागें सोडून कोल्हा मारण्याची जुनी शिकार इंग्लंड व वेल्समध्यें २००४ च्या कायद्यानें बंद झाली. तो कायदा २००५ च्या फेब्रुवारींत अंमलांत आला. आणि गंमत अशी, कीं जॅक रसेल जातीस तेथील केनेल क्लबनें मान्यता दिली ती २०१६ सालीं, म्हणजे शिकार बंद झाल्यावर अकरा वर्षांनीं! काम गेलें आणि मान आला.

असें होण्याचीं कारणें मला तीन दिसतात. पहिलें, कामासाठीं जे गुण घडविले तेच गुण घरांतहि उपयोगी पडतात. बिळापुढें तासन् तास कान टवकारून बसणारा कुत्रा दारांत बसला, तर परक्याची चाहूल त्यासच प्रथम लागते. अंग लहान, म्हणून खर्च थोडा व जागाहि थोडी लागते. जुन्या लोकांनीं ग्रामोफोनच्या तबकडीवर कर्ण्यापुढें कान देऊन बसलेला कुत्रा पाहिलेला आहे. तो ‘निपर’ टेरियर वंशाचाच होता. त्याचें चित्र जगभर गेलें तें त्याच्या एकाग्रपणे ऐकण्यामुळें, आणि ती एकाग्रता मूळची बिळाच्या तोंडाशीं शिकलेली. दुसरें कारण प्रदर्शनें व प्रतिष्ठा. लंडनचा केनेल क्लब १८७३ सालीं स्थापन झाला. तेव्हांपासून वंशावळी लिहिल्या जाऊं लागल्या, बक्षिसें मिळूं लागलीं आणि पिल्लांस किंमत आली. तिसरें कारण अभिमान. माझ्या आज्याचें जनावर माझ्या दारांत आहे, ही भावना हिशेबाच्या वहींत मांडतां येत नाहीं, पण ती खोटी नव्हे.

हें केवळ साहेबाच्या देशांतच घडतें असें कोणी समजूं नये. आपल्या देशावरचा कारवान कुत्रा, ज्यास मुधोळ हाउंड असेंहि म्हणतात, त्याची कथा हीच आहे. लांब पाय, निमुळतें तोंड, आंत गेलेलें पोट आणि तीक्ष्ण नजर असा हा कुत्रा माळरानावर सशामागें व काळविटामागें धांवण्यासाठीं तयार झाला. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव यांनीं या कुत्र्यांची पैदास नेटानें केली व त्यामुळें संस्थानचें नांव त्यांस मिळालें. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकार बंद झाली. तरीहि आज कर्नाटकांत मुधोळकडे आणि आपल्याकडे लातूर, सोलापूर, सांगली या जिल्ह्यांतील खेड्यांतून शेतकरी हीं कुत्रीं बाळगतात व पिल्लें विकतात. २००५ सालीं त्याचें चित्र टपालाच्या तिकिटावर आलें, आणि २०१६ सालीं सैन्यानें मेरठ येथें या कुत्र्यांस शिक्षण देण्यास प्रारंभ केला. जात टिकून राहिली म्हणूनच तिला नवें काम देतां आलें. ती मधल्या काळांत नामशेष झाली असती, तर सैन्यानें मागितली असती तरी कोणी कोठून दिली असती?

शेतकऱ्यांस याहून जवळचा दाखला खिलार बैलाचा आहे. नांगर ट्रॅक्टरनें ओढला, तरी खिलार राहिला. कारण शर्यती होत्या. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें शर्यती बंद केल्या, तेव्हां अनेक गोठ्यांतील चांगल्या खोंडांची किंमत उतरली. २०२१ सालीं परवानगी मिळाली व २०२३ सालीं घटनापीठानें ती कायम केली, तेव्हां ती पुन्हा चढली. यावरून इतकें सिद्ध होतें, कीं जनावराची जात केवळ प्रेमावर टिकत नाहीं. तिला कांहीं ना कांहीं वापर लागतो, मग तो नांगराचा असो वा मैदानाचा, सैन्याचा असो वा सोबतीचा. सोबत हाहि एक वापरच आहे, आणि ज्या घरांतील मुलें मुंबईस व म्हातारीं माणसें गांवीं, त्या घरांत तो लहान वापर नव्हे.

मग माझा आक्षेप कशास आहे? काम सुटलें तरी जात राखावी, हें मला मान्य आहे. परंतु काम सुटलें म्हणजे निवडहि सोडून द्यावी, हें मान्य नाहीं. भाताचें बियाणें राखतांना आपण भरदार लोंब्या निवडतों. केवळ रंग सुरेख दिसतो म्हणून पोचट दाणा बियाण्यास ठेवीत नाहीं. कुत्र्याच्या बाबतींत मात्र नेमकें तेंच चाललें आहे. पिल्लाचें नाक, कान, रंग व कागद पाहिला जातो. आईबापांचा दम, स्वभाव व आरोग्य कोणी पाहत नाहीं. महसुलाच्या दप्तरांत माझें आयुष्य गेलें, म्हणून त्याच भाषेंत सांगतों. वंशावळीचा कागद हा सातबाऱ्यासारखा आहे. त्यावरून मालकी कळते, पण शेतांत पीक उभें आहे कीं गवत, हें पीकपाहणी केल्यावांचून कळत नाहीं. ज्यास पिल्लू घ्यावयाचें असेल त्यानें त्याची आई पाहावी, ती माणसांत कशी वागते तें पाहावें, आणि मगच पैसे मोजावे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांप्रमाणें कुत्र्यांची पैदास करणाऱ्यास नोंदणी करावी लागते व आठ आठवड्यांच्या आंतील पिल्लू विकतां येत नाहीं. हे नियमहि विक्रेत्यास विचारावे.

दुसरी गोष्ट स्वभावाची. काम गेलें तरी स्वभाव जात नाहीं. टेरियर घरांत आणला तर तो परड्यांत खड्डे खणणारच, व कोंबडीमागें धांवणारच. तो त्याचा दोष नसून त्याचा वारसा आहे. कारवान कुत्र्यास दोन हात साखळीनें माडास बांधून ठेवला, तर तो रात्रंदिवस रडेल किंवा चावरा होईल. ज्यास रोज मोकळें धांवण्यास नेण्याची सवड नाहीं, त्यानें धांवण्यासाठीं घडविलेली जात घरांत आणूं नये. मुलाच्या हौसेखातर आणलेलें असें जनावर अखेर रस्त्यावर सोडलें जातें, आणि त्याचा त्रास सर्व गांवास होतो.

आतां आपल्या कोंकणपुरतें बोलावयाचें, तर टेरियरचें मूळ काम आपल्याकडे अजून सरलेलें नाहीं. भाताच्या बांधांत घूस आहे, कणगींत उंदीर आहे, आणि माडावर चढून कोवळीं फळें कुरतडणारा उंदीरहि आहे. माडास जमिनीपासून सहासात फुटांवर दीड फूट रुंदीचा पत्रा गुंडाळणें हा फळें वांचविण्याचा खात्रीचा उपाय. मात्र शेजारच्या झाडाची झांवळ माडास टेकतां कामा नये. खळ्यांत व मांगरांत मात्र चपळ कुत्रें व मांजर यांचा उपयोग अजूनहि आहे, आणि त्यासाठीं विलायती जात पाहिजेच असें नाहीं. पेजेवर वाढलेलें आपलें गांवठी कुत्रें येथील पाऊस, दमट हवा व गोचीड सोसून राहतें. लहानपणापासून सवय लावल्यास तें घूस उकरून काढतें व रात्रीं राखणहि करतें. त्याच्याहि उत्तम मातेचीं पिल्लें निवडून राखलीं, तर दोनतीन पिढ्यांत वाडीची स्वतःची चांगली औलाद तयार होईल. इतर पिल्लें वाढूं नयेत म्हणून नसबंदी करून घ्यावी.

चार सावधगिरीच्या गोष्टी सांगणें अवश्य आहे. उंदरांसाठीं झिंक फॉस्फाईडचें आमिष घातलें असेल, तेव्हां कुत्रें बांधून ठेवावें व मेलेले उंदीर पुरावे. उंदराच्या मूत्रानें दूषित झालेल्या पाण्यांतून होणारा लेप्टोस्पायरोसिस आपल्या जिल्ह्यास अपरिचित नाहीं. तो कुत्र्यासहि होतो, आणि त्याच्यापासून माणसास होऊं शकतो. म्हणून त्याची व पिसाळरोगाची लस पशुवैद्याकडून वेळेवर टोंचून घ्यावी. कुत्रें चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी व त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. मंत्र, चुना, मिरची यांच्या नादीं लागूं नये. शेवटची गोष्ट कायद्याची. रानडुकरावर किंवा सशावर कुत्रीं सोडणें हा गुन्हा आहे. पूर्वीं पारध होत असे, ही सबब आज चालत नाहीं.

मनुष्यानें आपल्या गरजेसाठीं ज्या जनावराचें शरीर व मन घडविलें, त्याची जबाबदारी गरज संपली म्हणून संपत नाहीं. टेरियर असो, कारवान असो, कीं दारचें गांवठी कुत्रें असो, ज्यास त्याच्या स्वभावाजोगें कांहीं काम व मोकळीक देतां येईल त्यानें तें अवश्य राखावें. ज्यास देतां येणार नाहीं त्यानें दुसऱ्याच्या दारचें पाहून समाधान मानावें. पुढच्या चतुर्थीस शहरांतून पिल्लू येण्यापूर्वींच, हें घरांतील वडील मंडळींनीं मुलांस स्पष्ट सांगावें, एवढीच शेतकरी बंधूंस विनंती आहे.

— एक निवृत्त महसूल कारकून, पिंगुळी