'दोष आढळला नाही' : हमीपत्राचे अर्थकारण

तापाने फणफणलेले मूल दवाखान्याच्या पायरीवर पोहोचताच हसू-खेळू लागते आणि डॉक्टरांसमोर आईबापांची स्थिती मोठी अवघड होते, हा अनुभव घरोघरीचा आहे. यंत्रांचेही असेच असते. घरी दहादा खरखरणारा रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मात्र सुरळीत गाऊ लागे आणि मालक ओशाळून तो परत घेऊन येई. रेडिओपुरती ही गोष्ट हसण्यावारी नेता येत होती. परंतु ज्या यंत्रावर आज विद्यार्थ्याचा अभ्यास, शिक्षकाच्या प्रश्नपत्रिका आणि कारकुनाचे घरी आणलेले काम अवलंबून आहे, ज्याच्यासाठी कित्येक कुटुंबांनी कर्जाचे हप्ते पत्करले आहेत, त्या लॅपटॉपच्या बाबतीत हाच प्रकार घडू लागला म्हणजे तो गमतीचा विषय राहत नाही. तो अर्थशास्त्राचा आणि न्यायाचा विषय होतो.

प्रस्तुत लेखकाचाच अनुभव सांगावयाचा तर, खरेदीनंतर नवव्या महिन्यात त्याच्या लॅपटॉपचा पडदा तास-दीड तासाने अचानक काळा होऊ लागला. झाकण मिटून उघडले की पूर्ववत. सर्व्हिस सेंटरमध्ये वीस मिनिटे तपासणी झाली आणि कागदावर तीन शब्द छापून मिळाले : 'दोष आढळला नाही'. दुसऱ्या खेपेसही तेच. तिसऱ्या खेपेस मोबाईलवर घेतलेले चित्रण आणि तारीखवार टिपण दाखविल्यावर एका तरुण तंत्रज्ञाने यंत्र दिवसभर चालू ठेवण्याचे मान्य केले. सायंकाळी पडदा त्याच्या डोळ्यांदेखत काळा झाला. बिजागरीतून जाणारी केबल झिजली होती. ती विनामूल्य बदलून मिळाली. हमीची मुदत संपावयास तेव्हा अकरा दिवस उरले होते.

याच सुमारास वर्गातील एका विद्यार्थ्याने आपली हकीकत सांगितली. त्याचाही लॅपटॉप मधूनच बंद पडत असे. मुदतीच्या आत तो दोनदा सर्व्हिस सेंटरमध्ये गेला, दोन्ही वेळा तेच तीन शब्द घेऊन परतला. तेराव्या महिन्यात यंत्र कायमचे बंद पडले आणि मदरबोर्ड बदलण्याचा खर्च त्याच्या वडिलांच्या, एका कार्यालयातील कारकुनाच्या, हाती ठेवण्यात आला. दोघांच्याही दोषाची सुरुवात मुदतीतच झाली होती आणि दोघांनीही तक्रार वेळेवर केली होती. फरक पडला तो एका चित्रणाने आणि एका तंत्रज्ञाच्या सौजन्याने. ज्या हक्काची पूर्तता अशा योगायोगावर अवलंबून असते, त्याला हक्क म्हणावे काय?

दोष का लपतो?

कधी प्रकटणारा आणि कधी लपणारा दोष हा ग्राहकाच्या कल्पनेचा खेळ नव्हे. त्याला भौतिक कारणे असतात. यंत्र तापले की त्यातील धातू, चिप आणि पाटी ही निरनिराळ्या प्रमाणात प्रसरण पावतात. थंड झाली की आकुंचन पावतात. शेकडो वेळा असे झाले म्हणजे सोल्डरच्या सूक्ष्म सांध्यांना तडे जातात. थंड असताना तडा मिटलेला राहतो आणि वीज वाहते; तापल्यावर तो उघडतो आणि प्रवाह तुटतो. बिजागरीतील केबलचे तसेच आहे. झाकणाच्या विशिष्ट कोनातच तिचा संपर्क सुटतो. अशा वेळी थंड यंत्राची टेबलावर ठेवून केलेली वीस मिनिटांची तपासणी काय सांगणार? त्या वीस मिनिटांत दोष प्रकटला नाही, एवढेच. दोष न आढळणे आणि दोष नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. विमानांच्या देखभालीतही या प्रकारच्या दोषांचा स्वतंत्र विचार केला जातो. वैमानिकाने नोंदविलेली तक्रार जमिनीवर दिसली नाही म्हणून ती खोटी, असे तेथे कोणी मानीत नाही.

हमीपत्र कशाचे?

हमीपत्र ही विक्रेत्याची मेहेरबानी आहे, असा आपल्याकडे एक समज आहे. वस्तुतः तिची किंमत आपण खरेदीच्या वेळीच मोजलेली असते. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की, मालाचा दर्जा विक्रेत्याला ठाऊक आणि ग्राहकाला अज्ञात असेल तर चांगला मालही बाजारातून हुसकला जाण्याचा धोका असतो. या अज्ञानावरील उपायांमध्ये त्याने हमीचा उल्लेख केला होता. कारण हमीमुळे मालाच्या दर्जाविषयीचा धोका ग्राहकाकडून विक्रेत्याकडे जातो. पुढे २००१ साली अकरलॉफ, स्पेन्स आणि स्टिग्लिट्झ यांना माहितीच्या या विषमतेवरील कार्यासाठीच नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु येथे एक मेख आहे. हमीने धोका विक्रेत्याकडे जातो तो दोष मान्य झाला तरच. आणि दोष आहे की नाही हे ठरविणार कोण? ज्याच्या खिशातून दुरुस्तीचा खर्च जावयाचा, तोच किंवा त्याचा अधिकृत कंत्राटदार. माहितीची विषमता खरेदीच्या वेळी एकदा असते. दुरुस्तीच्या वेळी ती दुसऱ्यांदा उभी राहते. शिवाय चुकीचा भार चूक करणाऱ्यावर पडत नाही. दोष मान्य केला तर सुटा भाग आणि मजुरी खर्ची पडते. नाकारला तर तीन शब्दांचा कागद पुरतो. ग्राहकाचा मात्र प्रत्येक खेपेस एक दिवस, एक किरकोळ रजा, जाण्यायेण्याचे भाडे आणि अडून राहिलेले काम एवढे जाते. नाकारणे फुकट आणि सिद्ध करणे खर्चिक अशी व्यवस्था असली, की कोणाच्याही मनात लबाडी नसताना नकाराकडे कल झुकतो. त्यातच मुदतीचे घड्याळ एका बाजूनेच धावत असते.

एकट्याची आणि अनेकांची तक्रार

या दोषाचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, प्रत्येक ग्राहकाला तो एकट्याचाच वाटतो. देशोदेशीच्या तक्रारी एकत्र पाहण्याची सोय फक्त उत्पादकाकडे असते. अलीकडच्या इतिहासातील दोन प्रसंग या दृष्टीने बोलके आहेत. एनव्हिडिया या कंपनीच्या काही चित्र-चिप्स लॅपटॉपमध्ये वारंवार तापून-थंड होऊन निकामी होऊ लागल्या. जुलै २००८ मध्ये कंपनीने चिपच्या बांधणीतील साहित्य कमकुवत असल्याचे मान्य केले आणि त्यापोटी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. त्यानंतर डेलने बाधित मॉडेलांची हमी बारा महिन्यांनी वाढविली. ॲपलनेही आपल्या बाधित यंत्रांची हमीच्या मुदतीनंतरही विनामूल्य दुरुस्ती देऊ केली.

दुसरा प्रसंग ॲपलच्याच कळफलकाचा. २०१५ मध्ये आलेल्या नव्या रचनेच्या कळफलकावर एखादे अक्षर कधी दोनदा उमटे, कधी उमटतच नसे. दोष लहरी, म्हणून सिद्ध करणे कठीण. अखेर जून २०१८ मध्ये कंपनीने खरेदीपासून चार वर्षांपर्यंत विनामूल्य दुरुस्तीची योजना जाहीर केली आणि ज्यांनी आधी पैसे भरले होते त्यांना परताव्याचीही सोय ठेवली. पुढे २०२२ मध्ये अमेरिकेतील सात राज्यांच्या ग्राहकांनी चालविलेल्या दाव्यात ५ कोटी डॉलरची तडजोड झाली. दोषाची कबुली मात्र कंपनीने दिली नाही. या दोन्ही प्रसंगांचा बोध एकच आहे. सुटी तक्रार 'दोष आढळला नाही' या शेऱ्याखाली दडपली जाऊ शकते; तक्रारींची बेरीज झाली की तोच दोष साऱ्यांना दिसू लागतो. ही बेरीज करावयाची कोणी, हा खरा प्रश्न आहे.

कायदा कोठवर पोहोचतो?

आपल्या देशात ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली झाला. त्यामागे ज्या चळवळी होत्या, त्यांत पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये सुरू केलेल्या ग्राहक पंचायतीचा वाटा मोठा, हे मराठी वाचकास सांगावयास नको. त्या कायद्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली आणि जुलै २०२० पासून तो अंमलात आला. त्यात अनेक गोष्टी ग्राहकाच्या सोयीच्या आहेत. आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्यासाठी फी नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. दोष तपासणीवाचून ठरविता येत नसेल तर वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवून ४५ दिवसांत अहवाल मागविण्याची तरतूदही आहे.

तथापि, लहरी दोषापुढे ही तरतूद अपुरी पडते. प्रयोगशाळेच्या टेबलावरही यंत्र शहाण्यासारखे वागले तर? शिवाय तपासणीची फी आयोग तक्रारदारालाच भरावयास सांगू शकतो. दोष सिद्ध करण्याचे ओझे मुळात ग्राहकाच्याच खांद्यावर आहे, ही खरी अडचण होय. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात हे ओझे उलट बाजूस टाकले : माल हाती आल्यापासून एक वर्षाच्या आत दोष दिसला तर तो मुळातच होता असे गृहीत धरावयाचे आणि तसे नसल्यास विक्रेत्याने सिद्ध करावयाचे. ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्यात हे गृहीतक सहा महिन्यांचे आहे आणि एका दुरुस्तीनंतरही दोष राहिला तर ग्राहकाला किंमत कमी करून घेण्याचा किंवा माल परत करण्याचा अधिकार आहे. आपल्या कायद्यात अशी गृहीतके नाहीत.

उत्पादकांचीही एक बाजू आहे आणि ती ऐकून घेतली पाहिजे. यंत्र बंद पडण्याचे कारण पुष्कळदा सॉफ्टवेअरमध्ये असते. कधी पाणी सांडलेले असते, कधी यंत्र हातून पडलेले असते. ग्राहकाच्या प्रत्येक शब्दावर सुटे भाग बदलू लागल्यास तो खर्च अखेरीस सर्व ग्राहकांच्याच किमतीत चढेल. हे म्हणणे खरे आहे. परंतु त्यावरून निघतो तो निष्कर्ष अधिक चांगल्या तपासणीचा, तपासणीवाचून नकाराचा नव्हे.

काय करता येईल?

तोवर ग्राहकाने पुरावा जमविण्याची सवय लावून घेणे इष्ट. दोष प्रकटला की तारीख, वेळ, यंत्र किती वेळ चालू होते, चार्जर लावलेला होता काय, हे लिहून ठेवावे; शक्य तर मोबाईलवर चित्रण करावे. बाहेरचा पडदा किंवा दुसरा चार्जर जोडून पाहावा, म्हणजे दोषाचे स्थान कळण्यास मदत होते. पेनड्राइव्हवरील दुसऱ्या प्रणालीने यंत्र सुरू करूनही दोष आलाच, तर सॉफ्टवेअरकडे बोट दाखविण्यास जागा उरत नाही. यंत्र स्वतःच्या बिघाडांची नोंद आपल्या पोटात ठेवीत असते. ती काढून तिची प्रत सोबत न्यावी. सर्व्हिस सेंटरच्या पावतीवर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी. 'तपासणीसाठी' एवढ्या मोघम नोंदीवर समाधान मानू नये. यंत्र तापेपर्यंत भाराखाली दीर्घकाळ चालवून पाहण्याची मागणी लेखी करावी आणि हे सर्व मुदतीच्या आत ई-मेलनेही कळवावे. एवढे करूनही दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे आणि त्यापुढे जिल्हा आयोग आहे.

परंतु प्रत्येक ग्राहकाने वकील आणि तंत्रज्ञ व्हावे ही अपेक्षा न्याय्य नाही. केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यासाठी संकेतस्थळही उघडले, हे स्वागतार्ह होय. या प्रयत्नांना तीन साध्या नियमांची जोड मिळावयास हवी. पहिला, मुदतीत नोंदलेल्या तक्रारीपुरते हमीचे घड्याळ थांबावे. तो दोष पुढे केव्हाही प्रकटला तरी तो मुदतीतलाच मानावा. दुसरा, एकच तक्रार तीनदा नोंदली गेल्यास दोष आहे असे गृहीत धरावे आणि तो नसल्याचे उत्पादकाने सिद्ध करावे. तिसरा, प्रत्येक मॉडेलच्या हमीकाळातील तक्रारींची प्रकारवार संख्या उत्पादकांनी दरवर्षी जाहीर करावी. तपासणीसाठी जिल्ह्याजिल्ह्यांतील तंत्रनिकेतने आणि अभियांत्रिकी महाविद्यालये यांच्या प्रयोगशाळांचाही उपयोग करता येईल. विद्यार्थ्यांना त्यातून शिक्षण मिळेल ते वेगळेच.

यांपैकी पहिल्या नियमास तर फारसा खर्चही नाही. तो असता तर त्या विद्यार्थ्याचे दोन कागद रद्दीत गेले नसते. 'दोष आढळला नाही' हे त्यांवरचे शब्द दोष नसल्याचा दाखला ठरले नसते. ग्राहकाने वेळेवर तक्रार केल्याची तीच नोंद ठरली असती.